गुळावर वाढलेलं इरजन

कवडूजी बोरकुटे हजेरीपटावर 'हेल्पर' होते, पण कॅन्टीनमध्ये त्यांना सगळे दहीवाले म्हणत. नवा माणूस कामाला लागला की दोन-तीन दिवस बिचारा त्यांच्याकडे ताक मागायचा. कवडूजी हसायचे नाहीत. "आज संपलं. उद्या भांडं घेऊन ये," म्हणायचे, आणि तो खरंच भांडं घेऊन यायचा.

आमचा कारखाना नागपूरपासून तासाभराच्या वाटेवर आहे. खाणीतला दगड आणि कोळसा फोडायला लागणारी स्फोटकं तिथे बनतात. गेटवर काडेपेटी आणि मोबाइल काढून घेतात, तंबाखूची पुडी मात्र खिशात राहू देतात. नियम करणारा साहेब स्वतः खात असन, असं कवडूजींचं मत. अशा जागी दह्याचं काय काम, हे कळायला आधी लाल पाणी कळावं लागतं.

स्फोटकं भरण्याच्या शेडमध्ये रोज भांडी आणि फरशी धुतात. ते पाणी शेडबाहेर येतं तेव्हा नळाच्या पाण्यासारखंच दिसतं. उन्हात आलं की लाजल्यासारखं गुलाबी होतं आणि दुपार कलेपर्यंत लाल. दिसायला सरबत, पण एक पेला पोटात गेला तर लिव्हर बसेल. कवडूजी नोकरीला लागले तेव्हा, म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधी, हे पाणी शेडमागच्या खड्ड्यात सोडून देत. तिथून ते जमिनीतून, नाल्यातून जिथे जाईल तिथे जायचं. एकदा ते कवडूजींच्या गावापर्यंत गेलं आणि त्यांच्या बायकोने, जिजाबाईंनी, नाल्यावर धुतलेली त्यांची नवी बनियन गुलाबी होऊन वाळली. "गावानं वर्षभर इचारलं, कवडू, तुयी रंगपंचमी अजून चालूच हाय काय गा," ते सांगायचे.

मग अकरा वर्षांपूर्वी गार्गी मॅडम आल्या. शहरातल्या एका संशोधन संस्थेत त्या जिवाणूंवर काम करायच्या. त्यांना कारखान्यातली सगळ्यात घाण माती हवी होती. सुपरवायझरने फावडं देऊन कवडूजींना सोबत पाठवलं, कारण त्या दिवशी बागेत दुसरं काम नव्हतं. हो, कवडूजी तेव्हा बागेत होते. खड्ड्याजवळ आल्यावर ते म्हणाले, "बाई, थे माती मेली हाय. तिच्यात काँग्रेस गवतबी उगत नाई."

मॅडमनी त्यांना मातीच्या ढिगावर बसूनच समजावलं. तीस वर्षं हे विष पिऊन बाकी सगळं मेलं, पण डोळ्यांना दिसत नाहीत असे काही जीव तगले. तगले एवढंच नाही, ते हे विष खायला शिकले. ही माती नेऊन त्यांना वाढवायचं, टाकीत सोडायचं आणि लाल पाणी त्यांच्या पुढ्यात ठेवायचं. ते पाणी खातील, वाढतील. त्यातले थोडे ठेवून उद्याचं पाणी द्यायचं.

कवडूजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे इरजन."

आपण ज्याला विरजण म्हणतो, ते आमच्याकडे इरजन. मॅडम हसल्या असतील, मला माहीत नाही, मी तेव्हा सावनेरला शाळेत होतो. पण पुढे त्यांच्या तोंडीही तोच शब्द बसला आणि साडेतीन लाख लिटरच्या टाकीतल्या त्या तपकिरी गाळाला कारखाना कवडूचं दही म्हणू लागला. मॅडमनी साहेबांना सांगून कवडूजींना बागेतून टाकीवर घेतलं. चौथी शिकलेला माणूस कशाला, असं कोणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, याला एकदाच सांगावं लागलं.

मी, दुर्गेश, त्या विभागात केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा टाकी सात वर्षांची झाली होती. मी बीएस्सी. कवडूजींनी पहिल्याच दिवशी माझं नाव बीएस्सी ठेवलं आणि मग ते पुसलंच गेलं नाही. लाल पाणी टाकीत शंभर म्हणून जायचं आणि बाहेर पडताना त्यातलं दोन-एक उरायचं, हे मी मशीनवर मोजायचो. कवडूजी बाटली आभाळाकडे धरायचे आणि माझ्या मशीनच्या आधी आकडा सांगायचे. मी मशीनला चहा पाजत नाही म्हणून ते उशीर करतं, असा त्यांचा सिद्धांत होता.

टाकीचे त्यांचे नियम घरच्या दह्याचेच होते. टाकी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. साफसफाई असली तरी दोन ड्रम इरजन बाजूला. हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तर आधी ब्लोअर, मग जेवण. आणि रोज सकाळी लाल पाण्यासोबत थोडा गूळ. हा गूळ मॅडमचाच नियम होता. नुसतं विष कोणाच्या घशाखाली उतरत नाही, सोबत तोंडी लावायला काहीतरी लागतं. कवडूजी तो तागडीवर तोलून द्यायचे. लाल पाण्याच्या एका हौदाला अर्धा किलो, वर एक खडा नाही. मी एकदा गमतीने मूठभर जास्त टाकायला गेलो, तर हात धरला. "बीएस्सी, लेकराले आधी पोळी-भाजी. गोड मागून."

हे सगळं मी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते ह्या माणसाच्या हातून झालं आणि कसं झालं हे लोकांना खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं. कुठलासा कागद दिल्लीला गेला होता, तो परत यायला तयार नव्हता. उत्पादन बंद झालं. आम्हाला घरी पाठवलं. आत राहिले गेटवरचे रखवालदार आणि कवडूजी, कारण ब्लोअर चालू ठेवायला कोणीतरी लागतं. आठवडाभरात कागद येईल असं साहेब म्हणाले होते. पाच महिने लागले.

आता कारखाना बंद म्हणजे भांडी धुणं बंद, आणि भांडी धुणं बंद म्हणजे लाल पाणी बंद. साठवणीच्या तळ्यात होतं ते पहिल्या बारा दिवसांत संपलं. ज्या दिवशी तळ्याचा तळ दिसला त्या दिवशी कवडूजींनी गेटबाहेर येऊन मला फोन लावला. मी सावनेरला मावसभावाच्या लग्नात होतो, पंगतीत, वाढपी समोर आलेला.

"बीएस्सी, हे उपाशी हायेत गा. देऊ काय त्याईले?"

"गूळ द्या ना," मी म्हणालो.

"किती?"

वाढप्याने पानात मठ्ठा जिलेबी वाढली होती. मी म्हणालो, "द्या अंदाजानं."

एवढंच. त्यानंतर मी त्यांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ते म्हणाले, मजेत हायेत. मी समजलो स्वतःबद्दल सांगताहेत.

पावसाळा अर्धा सरल्यावर कागद आला आणि आम्ही कामावर परतलो. पहिल्या दिवशी कवडूजींनी मला जवळजवळ हाताला धरून टाकीवर नेलं. टाकी फुगली होती. एरवी तपकिरी, पातळ असणारा गाळ खिचडीसारखा दाट झाला होता, वर साय धरल्यासारखा फेस. वास आंबूस गोड. मी थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आत नागपूरच्या इतवारी बाजारातला शनिवार. पाय ठेवायला जागा नव्हती.

"खाण्याचा गूळ दिला," ते म्हणाले. "काळा नाई. इतवारीतून आणला, भेलीच्या भेली. पह्यले तीन किलो, मंग पाच, मंग म्हनलं मागते तं देऊ. काहून नाई देवाचं."

मी म्हणालो, "कवडूजी, तुमी तं डेअरी काढा." आणि मनापासून म्हणालो. मला ते दृश्य छान वाटलं होतं. माझ्या पदवीला तेव्हाच घंटा ऐकू यायला हवी होती, पण ती बहुतेक सुटीवर होती.

दुसऱ्या दिवशी लाल पाणी आलं. टाकीत सोडलं. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी पलीकडून बाटली भरली आणि कवडूजींनी ती आभाळाकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग माझ्याकडे दिली.

लाल होती. आत शंभर, बाहेर नव्व्याण्णव.

आम्ही म्हटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी नव्व्याण्णव, तिसऱ्या दिवशी शंभर. चौथ्या दिवशी मी मशीन खोलून पुसलं. कवडूजी म्हणाले, "मशीनले काय झालं नाई. माये डोळेबी तेच सांगून राहिले."

गार्गी मॅडम तोवर हैदराबादला गेल्या होत्या. गेटबाहेरच्या चहाटपरीवरून फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पाच महिने गूळ दिलात, त्यात लाल पाणी किती होतं?"

"नव्हतं, मॅडम."

 मग त्यांनी जे सांगितलं ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. जिवाणूंची पिढी अर्ध्या-पाऊण तासाची. विष खाणं हे त्यांना महागात पडणारं कसब. गरज असेल तोवर ते सांभाळतात. समोर रोज गूळ आला, तर ज्याच्याकडे ते कसब नाही तो हलका राहतो, जास्त खातो, भराभर वाढतो. पाच महिन्यांत हजारो पिढ्या झाल्या. टाकी भरलेली आहे, पण त्यात गूळ खाणारेच आहेत. विष खाणारे उरले असतील तर मोजके.

"उपाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं, कवडूजी," मॅडम म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं. "अर्धे मेले असते. पण उरलेल्यांना काम आठवलं असतं."

टपरीवाला चहा घेऊन आला. कवडूजी म्हणाले, "म्हंजे पोट्टं सुट्टीभर मामाच्या घरी राहून आलं, नं आता घरची भाजी खात नाई."

"तसंच."

मॅडम हसल्या. मीही हसलो. कवडूजी हसले नाहीत. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "तुमचं काय चुकलं? अंदाजानं द्या म्हणून मीच सांगतलं होतं."

"तू अंदाजानं म्हनला," ते म्हणाले. "अंदाज माया होता."



आमच्या हातात किती दिवस होते ते तळं सांगत होतं. उत्पादन जोरात सुरू झालं होतं, पाच महिन्यांची कसर भरून काढायची म्हणून दोन पाळ्या. साफ न झालेलं लाल पाणी नाल्यात सोडता येत नाही, ते तळ्यात साठवायचं. तळ्याच्या भिंतीवर पांढरी रेघ आहे, पाणी तिच्या वर जायला परवानगी नाही. आमचे मुकुंद साहेब, कारखान्याचे मॅनेजर, स्वतः काठावर आले, पट्टी टाकली आणि हिशेब केला. एकवीस दिवस.

मुकुंद साहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. ते म्हणाले, "दुर्गेश, एकवीस दिवसांत टाकी चालली तर चालली. नाहीतर पाणी टँकरने जाळायला पाठवायचं आणि इथे आटवणारं मशीन बसवायचं. बटण दाबलं की काम. त्याला गूळ लागत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी कवडूजींकडे न पाहता म्हटलं, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

गूळ त्याच दिवशी बंद केला. पण मोजके उरलेले वाढायला वेळ लागणार, त्यापेक्षा जुनं, मूळचं इरजन मिळालं तर बरं. बाजूला ठेवलेले दोन ड्रमही कवडूजींनी गुळावरच पोसले होते. माया करताना त्यांनी कोणाला वगळलं नव्हतं. मॅडमच्या जुन्या संस्थेत फ्रीजरमध्ये नमुना असायला हवा होता. त्यांनी दोन दिवस फोन करून शोध घेतला. डबा सापडला, वर मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठीही. पण मधल्या काळात प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलली होती आणि फ्रीजर दोन आठवडे विजेविना नुसतं कपाट म्हणून उभा होता.

"अजून कोणाला दिलं होतंत का तुम्ही?" मॅडमनी विचारलं. "दुसऱ्या एखाद्या कारखान्याला?"

आता ऐका. तीन वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडच्या एका कारखान्याचा माणूस, भैयाजी नावाचा, आमच्याकडे इरजन मागायला आला होता. सोबत छोटा टेम्पो, चार रिकामे ड्रम, साहेबांची चिठ्ठी, सगळं रीतसर. वाटेत टायर फुटला म्हणून त्याला पोचायला उशीर झाला. तो टाकीवर आला तेव्हा कारखान्यातले दिवे नुकतेच लागले होते. कवडूजी म्हणाले, दिवे लागल्यावर आमी इरजन देत नाई.

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा. मी म्हणालो, "कवडूजी, हे घरचं दही नव्हे." ते म्हणाले, "घरचं असतं तं एक वाटी गेली असती. हे गेलं तं काय करशीन?" दिवेलागणीला दही-विरजण घराबाहेर गेलं की घरचं बिघडतं, हे त्यांच्या आईने सांगितलेलं. त्यांनी भैयाजीला जेवण दिलं, रात्री रखवालदाराच्या खोलीत झोपायची सोय केली, सकाळी चार काय सहा ड्रम ने म्हणाले. भैयाजीला टेम्पो परत द्यायचा होता. तो रिकामे ड्रम वाजवत निघून गेला. पुन्हा आला नाही. त्यांच्या कारखान्याने कोळशाच्या भुकटीतून पाणी गाळायचं काम सुरू केलं.

गेलं असतं तर भंडाऱ्याला आज आमचं इरजन असतं.   कवडूजी स्वतःच म्हणाले, "त्या दिवशी दिलं असतं तं बिघडलं असतं म्हनून नाई दिलं. नं बिघडलं तं बिघडलंच."

उरली माती. मॅडम म्हणाल्या, मूळ खड्डा. जिथून सुरुवात झाली तिथूनच पुन्हा आणा.

आम्ही फावडं घेऊन शेडमागे गेलो. मी तो खड्डा कधी पाहिला नव्हता, कवडूजीही कित्येक वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. तिथे खड्डा नव्हता. गुडघाभर गवत होतं, तरोटा माजला होता, एका बाजूला बोरीचं झुडूप. रखवालदाराची बकरी चरत होती. दहा वर्षं इथे लाल पाण्याचा थेंब आला नव्हता, कारण तो येऊ नये म्हणूनच टाकी होती आणि टाकीवर कवडूजी होते. माती बरी झाली होती.

कवडूजी बराच वेळ त्या बकरीकडे बघत उभे राहिले.

"पाय गा बीएस्सी," ते म्हणाले. "आपनच साफ केलं."

तरी खणलं. कंबरभर खोल गेल्यावर थोडी काळसर, उग्र वासाची माती लागली. आठ पोती काढली, टाकीत कालवली. गूळ तागडीवर, लाल पाणी मापाने. आणि मग काही करण्यासारखं उरलं नाही. यातला सगळ्यात वाईट भाग हाच. मशीन बिघडलं तर माणूस पाना घेऊन धावतो. इथे नुसतं बसायचं, ब्लोअरचा आवाज ऐकायचा आणि रोज तळ्याच्या भिंतीवर पाणी चार बोटं चढलेलं बघायचं.

मधल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. जिजाबाई माणूस खमंग. टाकीला त्या सवत म्हणत. मला पाट देऊन म्हणाल्या, "काय म्हनते माई सवत? बरी झाली काय?"

"पाहून राहिलो, काकू."

"घरी मी पंधरा दिवस तापानं पडली होती, तं हा मानूस म्हने गोळी घे. नं तिले भेलीच्या भेली." नवरा आत हात धूत होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "चहात गूळ टाकला तं कप सरकवून देते गा. फिक्का पेते. लेकीनं तिळाचे लाडू धाडले, त्याले हात नाई लावला. बोलत नाई तं काय करू मी? भांडाले तरी तोंड उघडाव लागते मानसानं."

कवडूजी बाहेर आले. फिका चहा प्यायले. मी नागपूरच्या गप्पा काढल्या, त्यांनी हो-हो केलं. निघताना फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, "एकवीसचे पंचवीस होतीन काय? तू बोलून पाय ना सायबाले. तुयं ऐकते ते."

मी बोललो. साहेबांनी मला तळ्यावर नेलं आणि रेघ दाखवली. रेघ माझं ऐकणार नव्हती.

अठराव्या दिवशी सकाळी कवडूजींनी बाटली आभाळाकडे धरली आणि प्रयोगशाळेपर्यंत चालत आले. एरवी ते मला हाक मारून बोलवायचे. "काल जास्वंदी होती," ते म्हणाले. "आज डाळिंब हाय. पाय."

मला काहीच फरक दिसला नाही. मशीनवर लावलं. सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव. विसाव्या दिवशी ब्याण्णव.

हैदराबादला फोन लावला. मॅडमचा आवाज बदलला. "लागतंय," त्या म्हणाल्या. "कवडूजी, माती लागतेय. आता घाई करू नका. असंच ठेवलं तर तीन-चार महिन्यांत पहिल्यासारखं होईल."

"चार महिने," कवडूजी म्हणाले, कुणी साखरेचा भाव सांगितल्यावर म्हणतात तसे.

त्या दुपारी मी आकडे घेऊन मुकुंद साहेबांकडे गेलो. कवडूजी बाहेर बाकावर बसले. साहेबांनी तक्ता नीट पाहिला. शंभर, सत्त्याण्णव, पंच्याण्णव, ब्याण्णव. ते म्हणाले, "चांगलं आहे." खरंच मनापासून म्हणाले. मग विचारलं, "पास व्हायला किती?"

"दोन."

"तळ्यात किती दिवस?"

"उद्याचा."

"मग सांग काय करू."

 माझ्याकडे बीएस्सी होती, तक्ता होता आणि चार महिन्यांची खात्री होती. जागा नव्हती. टँकर तीन-चार महिने चालवा, टाकीला रोज थोडं पाणी देत राहा, असं मी म्हणून पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर बोट केलं. आटवणारं मशीन येऊन पडलं होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्याला बसवायला मजबूत पायाची एकच जागा होती, आणि त्या जागेवर टाकी होती.

सोमवारी टाकी रिकामी करायची ठरली. गाळ वाळवून पोत्यांत, पोती घातक कचऱ्याच्या गाडीत. कंत्राटदाराची माणसं येणार होती. कवडूजी साहेबांना म्हणाले, व्हॉल्व्ह मी खोलतो, दुसऱ्याले नाई जमनार. तो व्हॉल्व्ह शाळेतल्या पोरालाही जमला असता. साहेब म्हणाले, बरं.

सोमवारी सकाळी मी टाकीवर गेलो तेव्हा ते एक पाच लिटरचा कॅन घेऊन बसले होते, गाळाने भरलेला. झाकण लावलेलं नव्हतं, श्वास घ्यायला.

"गेटवर सोडतीन काय?" त्यांनी विचारलं.

"नाही सोडणार, कवडूजी. इथून मातीचा कण बाहेर जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"थे तं हायेच." ते म्हणाले. "सोडलं असतं तरी घरी नेऊन काय चारू? गावात लाल पाणी कुठं हाय."

नव्हतं. दहा वर्षांत त्यांनीच ते येऊ दिलं नव्हतं. या जिवांना जगवायचं तर विष लागतं, आणि त्यांच्या घरी, गावात, नाल्यात ते आता कुठेच मिळत नव्हतं. गूळ होता.

त्यांनी कॅन पुन्हा टाकीत ओतला, तळ हाताने निपटून. हात टाकीतच धुतले. मग व्हॉल्व्हचं चाक धरून एक फेरी फिरवली, थांबले, कान दिला, दुसरी फेरी. तपकिरी गाळ वाळवणीच्या हौदाकडे जाणाऱ्या चरात उतरू लागला. ब्लोअर अजून चालू होता. मी तो बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "खाली जाईपर्यंत राहू दे. तू जा, तुले सॅम्पल लावाचं असन."

लावायला सॅम्पल नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. टाकी उतरायला पावणेतीन तास लागले आणि तेवढा वेळ ते चाकावर हात ठेवून होते.